'तुम्ही कोण लागता?' याचं उत्तर मित्रांनी काय द्यायचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने तुमच्या पुरवणीत जे लेख आले ते मी सगळे वाचले, काही दोनदा वाचले. पेशंटबद्दल होतं, आईवडिलांबद्दल होतं, डॉक्टरांची मुलाखत होती, ताण कमी करायच्या टिप्स होत्या. मित्र मात्र कुठेच नव्हते. पुण्यात माझ्यासारखी कितीतरी मुलंमुली घरापासून लांब, रूमवर नाहीतर फ्लॅट शेअर करून राहतात, आणि त्यांच्यातल्या कोणाचं डोकं रात्री दोन वाजता ताब्यात राहत नाही तेव्हा पहिला फोन गावी आईला जात नाही हो, तो मित्राला येतो, नाहीतर फोनची पण गरज नसते कारण मित्र बाजूच्याच गादीवर झोपलेला असतो. म्हणून हे पत्र लिहितेय, लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला विचारून लिहितेय. त्याच्या दोनच अटी आहेत, नाव नको आणि 'बिचारा' हा शब्द नको.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे, दोन मुली दोन मुलं. तो लातूरकडचा, घरी शेती, इथे आयटीत, आणि तेव्हा रात्रीची शिफ्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो एकदम खुश दिसायला लागला. खरं सांगते, आम्हाला बरं वाटलं, आधीचे सहा महिने तो इतका गप्प होता की आता गाडी रुळावर आली असंच वाटलं. भराभर बोलायचा, गावाकडे डाळ मिल टाकायची, शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप काढायचं, रात्री तीनला ग्रुपवर चाळीस चाळीस मेसेज. मग तळेगावला कुठल्यातरी फ्लॅटला 51 हजार टोकन देऊन आला, तेही क्रेडिट कार्डावर. सलग चार रात्री झोपला नव्हता आणि म्हणत होता मला झोपेची गरजच उरली नाहीये. आम्हाला यातलं काहीही ओळखता आलं नाही. झोप उडणं ही सगळ्यात मोठी धोक्याची घंटा असते, आणि 'मी थकत नाही' हे कौतुकाचं नाही तर काळजीचं वाक्य आहे, हे मला आज कळतं, तेव्हा कोणी सांगितलं असतं तर चार दिवस आधी डॉक्टरकडे गेलो असतो.

पाचव्या दिवशी तो वारज्याहून कात्रजपर्यंत चालत गेला, भर दुपारी, पायात चप्पल नाही. ऑफिसातले लोक फोनमधून आपल्यावर नजर ठेवतात म्हणून फोन घरीच ठेवून गेलेला. आमचा धायरीवाला मित्र बाईक घेऊन शोधत फिरला आणि त्याला तो फुटपाथवर बसलेला सापडला, दोन्ही तळपायांना फोड आलेले, आणि तरी हसून सांगत होता की मी आत्ता मुख्यमंत्र्यांना भेटायला निघालोय. धायरीवाल्याने काही न बोलता बाजूच्या टपरीवरून पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि त्याच्या पायावर हळूहळू ओतत बसला. तो मला नंतर म्हणाला की मला काय करायचं तेच कळत नव्हतं गं, पाय भाजलेत एवढंच दिसत होतं, म्हणून पाणी घातलं. त्या पूर्ण दिवसात आमच्याकडून झालेली सगळ्यात बरोबर गोष्ट तीच होती असं माझं आजही मत आहे.

कारण संध्याकाळी आम्ही सगळं चुकीचं केलं. तिघांनी त्याला मधे बसवून पुरावे द्यायला सुरुवात केली, हे बघ तुझं स्टेटमेंट, हे बघ असं कोणी फोनमधून बघत नसतं, जरा विचार कर. तो चिडला, आम्ही आवाज चढवला, तो अजून चिडला, त्याला वाटलं आम्हीपण त्यांनाच सामील. डॉक्टरांनी नंतर समजावलं की अशा वेळी वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही, त्याला जे वाटतंय त्यामागची भीती खरी असते, तेवढी धरायची. 'तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे, कुठे जात नाही.' आवाज कमी, माणसं कमी, टीव्ही बंद, आणि दाराच्या वाटेत आपण उभं राहायचं नाही. हे दोन मिनिटांत सांगून होतं, पण ते आम्हाला संकट येऊन गेल्यावर कळलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या रात्री पावणेदोनला त्याला रिक्षात घालून एका हॉस्पिटलला नेलं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे कोण लागता?" मी म्हणाले मैत्रीण. "नातेवाईक कोण आहे?" म्हटलं आईवडील गावी आहेत, पोचायला सकाळ होईल. "मग सकाळी आणा, नातेवाईकाच्या सहीशिवाय आम्ही काही करत नाही." बाहेर रिक्षात तो मोठमोठ्याने बोलत होता, धायरीवाल्याने त्याचा हात धरून ठेवला होता, रिक्षावाले काका घाबरलेले पण थांबून राहिले (त्यांनी वेटिंगचे पैसे पण घेतले नाहीत), आणि मी त्या खिडकीशी उभी राहून मी त्याची कोण लागते, या नात्याला काय नाव आहे ते शोधत होते. दहा वर्षांची मैत्री, पण फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने तपासलं, झोपेचं इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत थांबवून घेतलं, आणि जाता जाता म्हणाली की तुम्ही घाबरू नका, कायद्यात हे बसतं. तेव्हा मी फक्त मान हलवली. नंतर घरी बसून मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 शोधून वाचला, हा मे 2018 पासून देशभर लागू आहे. त्यात कलम 94 आहे. जीवाला धोका असेल, पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करेल अशी परिस्थिती असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पेशंटचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, पण तो हजर नाही म्हणून पेशंटला परत पाठवा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे पहिल्या खिडकीवर आम्हाला जे सांगितलं गेलं ते बरोबर नव्हतं, आणि आम्हाला माहीत नव्हतं म्हणून आम्ही मुकाट बाहेर पडलो.

त्याच कायद्यात कलम 14 आहे आणि या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे, म्हणून नीट लिहिते. कुठलीही सज्ञान व्यक्ती आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे आजारपणात उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारा माणूस, ठरवू शकते. तो नातेवाईकच पाहिजे अशी अट नाही, मित्र चालतो, मैत्रीण चालते, जिच्यावर विश्वास आहे अशी शेजारीण चालते. साध्या कागदावर लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. स्टॅम्प पेपर नको की वकील नको. ज्याला नेमलं तो 18 च्या वरचा हवा, जबाबदारी पेलण्यासारखा हवा, आणि मी हे करायला तयार आहे असं त्याने डॉक्टरांना लेखी द्यायचं. मन बदललं तर कधीही दुसऱ्याचं नाव देता येतं. असा कागद नसेल तर आधी रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातले लोक, आणि मग जो सोबत राहून काळजी घेतो तो. आपला समाज जसा आहे तसाच तो क्रम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कागद असेल तर मित्राला नाव मिळतं. शिवाय पुढे कधी असं झालं तर मला कुठले उपचार चालतील आणि कुठले नको हे पण बरं असताना लिहून ठेवायची सोय आहे, अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह म्हणतात त्याला. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, पण नंतरच्या उपचारांसाठी त्याचा उपयोग आहे. आमच्या ओळखीत शंभर लोकांनी एलआयसीचं नॉमिनी नाव भरलं असेल, हा कागद एकानेही केलेला नाही, कारण कोणी सांगितलंच नाही.

सकाळी त्याचे आईवडील आणि मामा पोचले. आईंनी मला पहिला प्रश्न तोच विचारला, "बाई, तू कोण गं?" त्यांच्या प्रश्नात संशय कमी आणि घाबरणं जास्त होतं. मामांचं म्हणणं होतं बाहेरचं काहीतरी आहे, इथून सरळ देवाला न्यायचं. इथे मी पुण्यातल्या सुशिक्षित वाचकांना हात जोडून सांगते, अशा वेळी त्यांच्या श्रद्धेवर भाषण देऊ नका, आम्ही ते करणार होतो आणि वाचलो. आमच्यातली जी बँकेत आहे ती आईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, काकू देवाला जाऊच, पण त्याला पाच दिवस झोप नाही, आधी झोप होऊ दे, डोळे बघा त्याचे. आईंनी डोळे बघितले. मग पर्समधून दोरा काढून त्याच्या मनगटाला बांधला आणि डॉक्टरांना म्हणाल्या करा काय करायचं ते. तो दोरा डिस्चार्जपर्यंत हातात होता, नर्सने पण काढला नाही.

डायग्नोसिस बायपोलर निघालं. आधीचे सहा महिने जे गप्प होते ते डिप्रेशन आणि मे महिन्यातलं ते मॅनिया, एकाच आजाराच्या दोन बाजू. लिथियम सुरू झालं. ही गोळी स्वस्त आहे पण तिचं लक्ष ठेवावं लागतं, रक्तातली पातळी तपासायची, किडनी आणि थायरॉइड बघायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ मनाने बंद करायचं नाही, आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणून घ्यायची नाही कारण काही पेनकिलरने ती पातळी वाढते. आता हे सगळं रूमवर राहणाऱ्या पोराचं कोण बघणार? आईवडील महिनाभर राहिले, मग पेरणी आली, त्यांना जावं लागलं. म्हणजे पुन्हा आम्हीच.

खरी परीक्षा त्यानंतर आली. मॅनिया उतरला आणि तो खाली गेला, इतका खाली की दात घासायला उठत नव्हता. वर असताना काय काय केलं ते सगळं आठवत होतं, ऑफिसमधल्या मेल, उधारी, आईवर ओरडलेलं, आणि त्याची लाज. लोकांना वाटतं आरडाओरडा थांबला म्हणजे बरा झाला. माझा अनुभव असा की शांत झाल्यावर जास्त जवळ राहावं लागतं. एका संध्याकाळी तो आपलं चांगलं घड्याळ धायरीवाल्याला द्यायला लागला, तुला आवडतं ना, ठेव. माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला खाली चहाला घेऊन गेले आणि कटिंग हातात असताना सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का रे?" हे विचारायच्या आधी दहा वेळा मनात आलं की विचारून उलट आपणच त्याच्या डोक्यात घालतोय का. तसं होत नाही, सरळ विचारल्याने विचार येत नाहीत असंच अभ्यासकांचं म्हणणं आहे, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. तो बराच वेळ ग्लासकडे बघत राहिला, चहावर साय धरली, आणि मग म्हणाला, "रोज." आणि एवढं बोलून त्याचे खांदे खाली आले, जसं काही कोणी पाठीवरचं पोतं उतरवलं. मी रडले नाही, भाषण दिलं नाही, 'आईबापाचा विचार कर' म्हटलं नाही. म्हटलं, आज रात्री तू एकटा राहायचं नाहीस, आणि आत्ता आपण डॉक्टरांना फोन करतोय. गोळ्यांची सगळी पाकिटं त्या दिवसापासून बँकवालीच्या घरी गेली, रोजची रोज आणून द्यायची.

डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत आम्ही 14416 ला फोन लावला, हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेली मानस नंबर, 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि तो नुसता पेशंटसाठी नाही, आमच्यासारख्यांनी पण करायचा असतो हे मला त्या रात्री समजलं. पलीकडच्या बाईंनी त्याच्याबद्दल सगळं विचारून झाल्यावर मला विचारलं, "आणि तुम्ही जेवलात का?" दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

बऱ्याच लोकांना अजून वाटतं की कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला किंवा तसं बोलून दाखवलं तर पोलीस केस होईल, आणि त्या भीतीने मित्र गोष्ट दाबून ठेवतात. 2017 च्या कायद्यातलं कलम 115 सांगतं की प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उलट काळजी आणि उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या भारतीय दंड संहितेतलं 309 कलम तर जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत राहिलेलंच नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या आकड्यांत आत्महत्यांमध्ये आपला महाराष्ट्र देशात पहिला आहे, 22,746. त्या प्रत्येकाला कोणीतरी मित्र असणार आणि त्यातल्या कितीतरी जणांना काहीतरी वेगळं दिसलं असणार, पण विचारायचं कसं आणि विचारल्यावर करायचं काय हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आता मित्रांबद्दल. आम्ही एक ग्रुप काढला, नाव 'लाईट बिल' ठेवलं म्हणजे ऑफिसमध्ये फोनवर दिसलं तरी कोणाला कळू नये. त्यात पाळ्या लावल्या. एक वही केली, झोप किती, गोळी घेतली का, जेवला का, एवढंच रोज लिहायचं. वहीचा फायदा असा की डॉक्टरांसमोर 'बरा आहे' असं मोघम सांगावं लागत नाही, आणि झोप पाचवरून तीन तासांवर आली की लगेच दिसतं. पण दोन महिन्यांत आम्ही तिघंही पार थकलो. मला त्याचा फोन वाजला की छातीत धडधडायला लागलं, आणि खरं लिहिते, एकदोनदा मी तो उचलला नाही, आणि नंतर रात्रभर स्वतःला दोष देत बसले. बँकवालीचं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. एक दिवस तिने ग्रुपवर लिहिलं की मला आता जमत नाहीये, आणि ती बाहेर पडली. आम्ही दोघं तिच्यावर इतके चिडलो की महिनाभर बोललो नाही. हे मी जाहीर लिहितेय कारण मला त्याची आजही टोचणी आहे. तिने खोटं बोलून टाळलं नव्हतं, सरळ सांगितलं होतं, आणि आमच्यात तेवढी हिंमत असती तर आम्हीपण तेच सांगितलं असतं. शेवटी ती परत आली ते वेगळ्या कामाला, तळेगावच्या बिल्डरकडून टोकन परत मिळवणं, क्रेडिट कार्डवाल्यांशी बोलणं, हे सगळं तिने घरी बसून केलं, आणि ते रात्री जागण्याइतकंच मोठं काम होतं. प्रत्येकाने सगळं करायचं नसतं हे आम्हाला फार उशिरा समजलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर कधी एक शब्द विचारला नाही, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी मेतकूट भाताचा डबा दाराच्या कडीला अडकवून जायच्या.

ऑफिसमध्ये रजा मागितली तर पुन्हा तोच प्रश्न, कोण आजारी आहे, तुमचा कोण लागतो? मित्र म्हटलं तर समोरच्याचा चेहराच सांगतो की मग तुम्हाला कशाला रजा. मी शेवटी चुलत भाऊ सांगितलं. तीच गत फ्लॅटमालकाची, 'सोसायटीत चर्चा आहे, महिनाअखेरीला बघा दुसरीकडे', आणि आम्ही बोलायला गेलो तर, 'तुम्ही मधे बोलणारे कोण?'

कॉलेजला असताना कोणी काही विचित्र बोललं की आम्ही 'येरवड्याला पाठवा याला', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, म्हणून हसायचो. सगळं पुणं म्हणतं. आता कोणी म्हटलं की मी तिथेच थांबवते, मग समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल. तिथे माणसं उपचार घेतात, बरी होऊन घरी जातात.

तो आता दिवसाच्या शिफ्टला आहे, नवीन नोकरी, रात्री साडेदहाला झोपतो म्हणजे झोपतोच, वाढदिवस असला तरी उठून जातो. मागच्या दिवाळीत त्याने वहीतलं एक पान फाडलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं की माझा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून मी हिला नेमतो, खाली सही. माझी संमती आम्ही डॉक्टरांना लेखी दिली. एक झेरॉक्स फाईलमध्ये, एक त्याच्या आईकडे. आईंना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, मला मध्यरात्री यायला गाडी नसते.

तुमच्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी पुरवणी काढाल तेव्हा एक पान मित्रांसाठी ठेवा, रूममेटसाठी, ऑफिसमधल्या बाजूच्या खुर्चीतल्या माणसासाठी. कलम 14 आणि 94 सोप्या मराठीत चौकटीत छापा, लोक ती कापून कपाटाला चिकटवतील. आणि हॉस्पिटलवाल्यांनी आपल्या फॉर्मवर 'नातेवाईक' च्या पुढे तिरकी रेघ मारून 'नामनिर्देशित प्रतिनिधी' एवढे दोन शब्द टाकावेत, छपाईला असे किती पैसे लागतात.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे, जागेप्रमाणे कापा. फक्त 14416 हा नंबर आणि साध्या कागदाची गोष्ट कापू नका.

आपली,
एक वाचक,
वारजे, पुणे